गड यादीत आला, बाईच्या दिवसाचं काय?

११ जुलै २०२५ ची बातमी आठवत असेल. पॅरिसला भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा आपल्या महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. कोणाही मराठी माणसाची छाती फुगावी अशी गोष्ट. घरोघरच्या मोबाइलवर किल्ल्यांचे फोटो फिरले, चौकात अभिनंदनाचे फलक लागले.

त्याच महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, "बायांनो, या बारांतला कुठला किल्ला कोणी पाहिलाय?" अठरा जणींत दोन हात वर आले. एकीने शाळेच्या सहलीत शिवनेरी पाहिला होता, दुसरीने लग्नानंतर महाबळेश्वरला गेली तेव्हा प्रतापगड. बाकीच्या सोळा जणींच्या घरातले नवरे, दीर, मुलगे कुठल्या ना कुठल्या गडावर जाऊन आलेले. पावसाळ्यात मोटारसायकली काढायच्या, पाठीला सॅक लावायची आणि निघायचं. त्यांचे डबे मात्र याच सोळा जणींनी पहाटे उठून भरून दिलेले.

हे काही आमच्या डहाणूचंच नाही. तालुक्याच्या कुठल्याही गावात विचारून बघा, हाच हिशेब निघेल. म्हणून मला वाटतं की या मानाच्या बातमीकडे आपण बायकांनी जरा वेगळ्या बाजूने पाहायला हवं. वारसा सगळ्यांचा, असं म्हणतात. मग तो बघायला बाईने जायचं कधी, कसं, आणि कोणाच्या परवानगीने?

बाई बाहेर पडते ती देवासाठी

आपल्याकडे बाई घराबाहेर एक दिवस काढते तो देवासाठी. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा, विरारची जीवदानी, शिर्डी, वज्रेश्वरी. देवाला निघाली की सासूसुद्धा अडवत नाही, उलट नारळाला पैसे देते. यात वाईट काही नाही. पण देवदर्शनाच्या सहलीत सगळ्याच जणी येऊ शकत नाहीत, हे आपण उघड बोलत नाही. ऐन दिवशी जिची पाळी येते ती मागे राहते. आमच्यातल्या दोघी ख्रिस्ती आहेत, एक मुसलमान आहे. त्यांना कोणी येऊ नका म्हणत नाही, पण त्यांना या असंही कोणी म्हणत नाही. आणि नवरा गेलेली बाई हळदीकुंकवाच्या वेळी जशी कोपऱ्यात सरकते, तशीच देवळातल्या ओटीच्या वेळीही सरकते.

किल्ल्याला यातलं काही लागत नाही. तिथे कोणी सोवळं विचारत नाही, कपाळ पाहत नाही. जिला चालता येतं ती आली. मला तर वाटतं, गावच्या सगळ्या जातीधर्मांच्या, सगळ्या वयांच्या बायकांनी एकत्र जावं अशी यासारखी जागा दुसरी नाही.

हे मी गटात मांडलं तेव्हा आमच्यातली एक मावशी, जी वर्षानुवर्षं पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन जाते, ती म्हणाली, "ताई, वसईवरून मी शंभरदा गेली असेन. पण कामाशिवाय त्या टेसनावर कधी उतरले नाही." त्या एका वाक्यावर आमची सहल ठरली. वसईचा किल्ला.

वसईच का?

यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी एकही आपल्या पालघर जिल्ह्यात नाही. नाशिक जिल्ह्यातला साल्हेर नकाशावर फार दूर दिसत नाही, पण तो राज्यातला सर्वांत उंच किल्ला, पंधराशे मीटरच्याही वर. गुडघे दुखणाऱ्या बाईला तो सांगण्यात अर्थ नाही. रायगडला जायचं तर मुक्काम आला, आणि मुक्काम म्हटला की अर्ध्या जणी गळाल्या. वसईचा किल्ला यादीत नसला तरी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, सपाटीवर आहे, आणि सकाळी निघून दिवे लागणीच्या आत घरी येता येतं. आमच्यासारख्यांना हाच हिशेब महत्त्वाचा.

शिवाय वसईचा इतिहास आपलाच आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षं दमणपासून खाली चौलपर्यंतच्या त्यांच्या मुलखाचा कारभार वसईतून चालत होता. आपलं डहाणू, तारापूर, केळवे, माहीम, सगळं त्यातच. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांनी मोहीम काढली. १७३९ च्या सुरुवातीला माहीम, डहाणू, तारापूर अशी ठाणी मराठ्यांनी घेतली आणि मग वसईला वेढा घट्ट केला. तटाखाली सुरुंग लावून, हजारो माणसं गमावून मे १७३९ मध्ये किल्ला घेतला. म्हणजे वसईची लढाई आपल्या अंगणातून पुढे गेली होती. आपल्या डहाणूच्या खाडीकाठच्या किल्ल्याजवळून बाजाराची पिशवी घेऊन जाताना हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

या विजयाच्या खुणा आपण देवदर्शनाला गेलो तेव्हा पाहिलेल्याही आहेत. नाशिकच्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर मोठी घंटा आहे, भीमाशंकरलाही आहे. या दोन्ही पोर्तुगीज घंटा. वसईच्या मोहिमेनंतर चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी देवस्थानांना वाहिल्या, त्यांतल्या या. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ आणि भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हे साल आहे. वज्रेश्वरीचं देऊळ तर किल्ल्यासारखं तट बांधून उभं केलं, ते चिमाजी अप्पांच्या नवसाचं म्हणून. आमच्या गटातल्या सातआठ जणी वज्रेश्वरीच्या बावन्न पायऱ्या चढलेल्या, गरम कुंडात अंघोळ केलेल्या. पण देऊळ असं किल्ल्यासारखं का, हे एकीलाही माहीत नव्हतं. आपण त्या घंटेखाली हात जोडतो, पण तिची हकिगत आपल्याला कोणी सांगत नाही. इतिहास जाणत्या माणसांचा, हात जोडणं बायकांचं, अशी ही वाटणी आहे.

पैसा आहे, तिकीट अर्धं आहे, दिवस नाही

आता बाईची अडचण पैशाची राहिलेली नाही, असं कोणी म्हणेल. थोडंफार खरं आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत पात्र बायकांच्या खात्यावर महिना १५०० रुपये सुरू झाले. तलासरी, उधव्याकडच्या पाड्यातली बाई अर्ध्या तिकिटात डहाणू रोड स्टेशनला येऊ शकते. तिथून पुढे लोकल. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हापासून विरार-वसई आपल्याला खरोखरच जवळ आली. वसईच्या एका दिवसाला जाण्यायेण्याचा आणि चहाचा खर्च धरला तरी एखाद्या लग्नातल्या आहेराच्या साडीपेक्षा कमीच होतो.

मग अडतं कुठे? अडतं ते वेळेपाशी. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि पुरुष ८८ मिनिटं, असं त्यात निघालं. हेही घरकाम करणाऱ्या पुरुषांचं. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सत्तावीसच. २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. वसईची सहल सकाळी सात ते संध्याकाळी पाच. दहा तास बाई घराबाहेर राहिली तर ती पावणेपाच तासांची कामं जातात कुठे? ती कुठेच जात नाहीत. ती पहाटे चारला उठून आधी उरकायची, नाहीतर रात्री अकरापर्यंत मागून करायची. म्हणजे सहलीच्या दिवशी बाई दुप्पट थकते, आणि वर ऐकून घेते, "मजा करून आली ना, आता काय कुरकुर?"

आमच्या गटात दिवस ठरवायला तीन बैठका लागल्या. रविवार नको, कारण सगळे घरी असतात, त्यांचं जेवणखाण जास्त. शिवाय रविवारी रेल्वेच्या ब्लॉकमुळे गाड्यांचा भरवसा नाही. गुरुवारी मार्गशीर्षाचा उपास. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या आणि मासेवाल्या येणार नाहीत. मुलांची परीक्षा, भातकापणी, चिकूची तोडणी. आणि ज्या मजुरीला जातात त्यांचं वेगळंच: सहलीचा खर्च त्यांना परवडेल, पण बुडालेली मजुरी परवडणार नाही. मग आम्ही ठरवलं की गटाच्या शिलकीतून त्या पाच जणींचं तिकीट आणि जेवण काढायचं. त्यावरही कुजबुज झाली. मी म्हटलं, हळदीकुंकवाला वाण म्हणून आपण जी प्लॅस्टिकची डबी वाटतो, ती या वर्षी नाही वाटायची. कुजबुज थांबली.

शेवटी डिसेंबरातला एक बुधवार ठरला. आणि प्रत्येकीने घरी एकच गोष्ट सांगायची, असंही ठरलं: त्या दिवशीचा स्वयंपाक करून जाणार नाही. हे सांगणं दोघीतिघींना किल्ला चढण्यापेक्षा कठीण गेलं, ही खरी गोष्ट आहे. एकीच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा गं, मी करते खिचडी. माझ्या वेळी मला कोणी विचारलं नाही."

दिवसाची आखणी

तुमच्या गटाला उपयोग व्हावा म्हणून आमची आखणी सांगते.

सकाळी सातच्या सुमाराची लोकल. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून घ्यायचं, कारण विरार-डहाणू मार्ग चौपदरी करण्याच्या कामामुळे बदल होत असतात. डहाणू ते वसई रोड साधारण सत्तर किलोमीटर. विरारला गाडी बदलावी लागली तर सगळ्यांनी एकाच डब्यात चढायचं आणि मोजणी करायची. वसई रोडला पश्चिमेला उतरून महापालिकेची बस किंवा रिक्षा. दहाच्या आत किल्ल्यात.

जायचं ते हिवाळ्यातच. पावसात दगडाला शेवाळ धरतं, गवतात विंचूकाटा असतो. पायात चप्पल नको, पट्ट्याचे सँडल किंवा बूट. साडी नेसायची तर जरा आखूड नेसायची. उन्हाला पदर आहेच. पाणी प्रत्येकीने दोन बाटल्या. डब्यात भाकरी, सुकटीची चटणी, ठेचा, आणि गोडाला आपल्या घोलवडचे चिकू.

स्वच्छतागृहाची सोय स्टेशनवर किंवा वसई गावातच बघून घ्यायची, किल्ल्यात मिळेल या भरवशावर राहायचं नाही. हे लिहायला लाजण्यासारखं काही नाही. न लिहिण्यानेच बायका सकाळपासून पाणी न पिता प्रवास करतात आणि मग मूत्रमार्गाचे आजार घेऊन डॉक्टरकडे जातात. पाळीचे पॅड एकीने जास्तीचे बरोबर ठेवायचे. पडक्या इमारतींत, झुडपांत एकटीने शिरायचं नाही. मदतीला ११२ आणि रेल्वेचा १३९, हे दोन नंबर प्रत्येकीच्या मोबाइलवर.

आत काय पाहायचं? आधी भूदरवाजा, मग तट आणि बुरूज. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आहे, समुद्र आणि खाडी. मोहीम दोन वर्षं का चालली ते तिथे उभं राहिलं की कळतं. मग सेंट जोसेफचं चर्च, फ्रान्सिस्कनांचं चर्च. त्याच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरांच्या कबरी आहेत. जेझुइट चर्चशी गोन्सालो गार्सियांचं नाव जोडलेलं आहे. ते वसईत जन्मले, आई इथलीच असं मानतात. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. आमच्या ख्रिस्ती मैत्रिणींना ही गोष्ट आधीपासून पाठ होती, आम्हालाच नव्हती. त्या दिवशी त्याच आम्हाला सांगणार आहेत. नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ किल्ल्यातच आहे, चिमाजी अप्पांचा पुतळाही आहे. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला, तोही वसईचाच. जिथे पेशवाईचा मोठा विजय झाला, त्याच गावाच्या नावाने पेशवाईच्या शेवटाची सुरुवात झाली.

आणि एक मुद्दाम सांगते. किल्ला पडल्यावर आतल्या पोर्तुगीजांना बायकामुलांसह सन्मानाने जाऊ दिलं. लढायांच्या हकिगतीत बायका दिसतात त्या अशा, शेवटच्या ओळीत, बोचकी घेऊन जाताना. वेढ्याच्या दिवसांत आत भुकेल्या मुलांना त्यांनी काय खाऊ घातलं असेल, आणि बाहेर आपल्या मावळ्यांच्या घरी गावोगाव चुली कशा चालल्या असतील, याचा विचार बुरुजावर बसून बायकांनीच करायला हवा.

दीडपर्यंत जेवण, तीनच्या आत परतीची गाडी. त्यानंतर मुंबईहून येणारी गर्दी सुरू होते आणि डहाणूच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. वाटेत नालासोपाऱ्याचा जुना बौद्ध स्तूप आहे, तोही बघू असं कोणी म्हणेल. नको. एका दिवसात एकच जागा, पण नीट.

हिरकणीचं नाव आणि हिरकणीची सोय

किल्ल्यावरची बाई म्हटली की आपल्याला हिरकणी आठवते. पण हिरकणी रायगडावर फिरायला गेली नव्हती, दूध विकायला गेली होती. दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरली. आज तिच्या नावाने एस.टी. स्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष असतात. चांगली गोष्ट आहे. पण ज्या गडकोटांवरून हे नाव आलं, तिथे तान्ह्या बाळाची आई गेली तर तिने बसायचं कुठे?

आता किल्ल्यांसाठी सरकारही जागं झालं आहे. जानेवारी २०२५ मध्ये किल्ल्यांवरची अतिक्रमणं काढण्यासाठी जिल्हावार समित्या नेमल्या गेल्या. युनेस्कोच्या मान्यतेनंतर पर्यटक वाढतील, निधीही येईल. त्यातून काय होईल? कमानी, रोषणाई, सेल्फीची जागा, हे आपोआप होतं, कारण ते मागणारे बैठकीला बसलेले असतात. बाईला काय लागतं ते सांगायला त्या बैठकीत बाई असते का?

नियमांचं कारण पुढे येईल, हे मला माहीत आहे. केंद्राच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. हा नियम हवाच. तो नसता तर तटाला लागून इमारती उभ्या राहिल्या असत्या. पण चाकांवरचं स्वच्छतागृह आणायला पाया खणावा लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला इतिहासाची अडचण होत नाही. आणि कुठे काय आहे ते सोप्या मराठीत सांगणाऱ्या पाट्यांनी तर किल्ल्याची शोभाच वाढेल.

वसईच्या किल्ल्यातून बंदराकडच्या वस्तीचा रस्ता जातो. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली, तिचा धक्काही तिथून जवळ आहे. म्हणजे येणारीजाणारी माणसं वाढणारच. तिथल्या कोळीणींनी, ख्रिस्ती बायांनी येणाऱ्यांना आपल्या हातचं जेवण द्यावं, त्यांच्या शिकलेल्या मुलींनी किल्ला दाखवावा, असं का होऊ नये? आणि वसईत झालं तर आपल्याकडे का नाही? गंभीरगड, सेगवाह, अशेरी, तारापूर हे तर आपल्या उंबऱ्यातले किल्ले. पाड्यावरच्या वारली मुलीला त्या डोंगराची प्रत्येक वाट ठाऊक असते. पुस्तकातला इतिहास तिला शिकवायला दोन महिने पुरतील.

हे मागायचं तर आधी तिथे जायला हवं. जिथे बायका जातच नाहीत, तिथे त्यांची सोय करायचं कोणाला सुचत नाही, आणि सोय नाही म्हणून बायका जात नाहीत. हे कुठून तरी तोडायचं तर ते आपणच तोडायचं. सहलीहून आल्यावर आमचा गट पुरातत्त्व खात्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र देणार आहे: काय चांगलं होतं, काय नव्हतं, काय हवं. अठरा सह्या असतील. ज्यांना सही येत नाही त्या तिघींना तोवर आम्ही सही शिकवतो आहोत.

तुमच्या गटानेही तुमच्या जवळचा एखादा किल्ला निवडावा. यादीत असो नसो. हिवाळ्यातला एखादा बुधवार घ्यावा, त्या दिवशीची खिचडी घरच्यांवर सोपवावी, आणि आल्यावर एक पत्र नक्की लिहावं. एका पत्राने काही होत नाही, पण जिल्ह्याजिल्ह्यातून पन्नास पत्रं गेली तर पुढच्या बैठकीत स्वच्छतागृहाचा विषय कोणालातरी घ्यावाच लागेल.